फळ्यावरची रेघ

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. भावाच्या मुलाच्या शाळेत मीटिंग होती, वहिनीला रजा नव्हती म्हणून मी गेले. पोर पहिलीत आहे. बाईंनी वही दाखवली, अक्षर छान म्हणाल्या आणि लगेच, घरी मराठी-कोंकणी बोलणं बंद करा, त्याचं इंग्लिश मागे पडतंय. शेजारच्या दोन आया माना डोलवत होत्या. मी गप्प बसले, तेच आता सलतंय.

मला आमची पाचवी आठवली. चौथीपर्यंत गावातली सरकारी मराठी शाळा, एका खोलीत दोन वर्ग, आणि मग एकदम फोंड्याचं हायस्कूल, सगळं इंग्लिशमध्ये. पहिल्याच आठवड्यात सायन्सचे सर आले आणि फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ मारली. डावीकडे मूळ, खोड, पान. उजवीकडे रूट, स्टेम, लीफ. समजावलं मराठीतून. मग मुलगे डावी बाजू म्हणायचे, मुली उजवी, मग उलट, आणि कोण जोरात म्हणतो यावरून नुसता दंगा. कदंबा बस चुकली, भिजून उशिरा आलो तरी तो तास कुणी बुडवत नसे.

आणि दोन भाषांत शिकणं काय नवीन आहे गोव्याला? आमचे आजोबा पोर्तुगीज काळात देवळाच्या अग्रशाळेत पंतोजींकडे मराठी शिकले आणि सरकारी शाळेत पोर्तुगीज, दोन्हीत सही करायचे. पणजीत १९०८ साली मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था उभी राहिली ती घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून, नावच त्यावरून पडलं. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या म्हणून माझी आई शाळेत गेली. आजी नाही गेली, तिच्या वेळी चेडवांना कोण पाठवत होतं? मी पाचवीत घरी येऊन ती फळ्यावरची यादी पाठ करायचे तेव्हा आजी चुलीपाशी बसून डावी बाजू माझ्याबरोबर म्हणायची. उजवी बाजू नुसती ऐकायची. सर माझ्या आजीलाही शिकवत होते, त्यांना ते कधी कळलं नाही.

१९९० मध्ये सरकारने प्राथमिकचं अनुदान मातृभाषेतल्या शाळांना ठेवलं, २०११ मध्ये ते इंग्लिशलाही दिलं, त्यावरून गोव्यात केवढा वाद झाला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आमच्या गावातली ती दोन वर्गांची खोली आता बंद आहे. कुलूप बघितलं की घशात येतं.

हो, मान्य, अकरावीत मला प्रश्न विचारायला तोंड उघडत नव्हतं, वाक्य मनात जुळवेपर्यंत तास संपायचा. पण तो दोष मराठीचा कसा? ज्या वर्गात रेघ मारणारं कुणी नव्हतं तिथे मी अडकले, एवढंच.

त्या बाईंवर मी मनातल्या मनात खूप चिडले. आता लिहिता लिहिता वाटतंय, त्यांनाही वरून कुणीतरी सांगितलं असेल. आणि त्या दोन आया, त्यांना भीतीच आहे, पोर मागे राहील याची. पण घरात बोलायचं नाही म्हणजे काय? आजीशी त्याने कुठल्या भाषेत भांडायचं? माझी आई त्याला इंग्लिशमध्ये जेवायला हाक मारणार? पुढच्या मीटिंगला मीच जाणार आणि हे तोंडावर विचारणार.

मघाशी जेवताना तो म्हणाला, आत्या, आपल्या माडावर चानी आहे ना, तिला इंग्लिशमध्ये काय म्हणतात? मी उठून जुन्या कॅलेंडरच्या मागे रेघ मारायला घेतली तर एक पुरेना, दोन माराव्या लागल्या. चानी, खार, स्क्विरल. तिसरं त्याने स्वतः लिहिलं. स्पेलिंग चुकलंय. आईने ते फ्रिजवर लावलंय.