सेंट लुईसची साक्ष पूर्ण ऐका

पुण्यात मुळा-मुठेच्या काठाच्या सुशोभीकरणाचा आणि त्यासाठी तोडल्या जाणाऱ्या झाडांचा वाद पेटला की कुणीतरी अमेरिकेतल्या एखाद्या शहराचा फोटो पुढे करतंच. या वेळी माझ्या मावसभावानं घरच्या ग्रुपवर सेंट लुईसचा टाकला. कमान, तिच्याखालची हिरवळ, समोर मिसिसिपी. खाली ओळ: ‘विकास असा असतो. झाडं मोजत बसणाऱ्यांनी बघा जरा.’ मी याच शहराच्या उपनगरात राहते. त्याला साक्षीला बोलावलंच आहे, तर त्याची साक्ष पूर्ण ऐका.

त्या हिरवळीच्या जागी जुनं गाव होतं. १७६४ मध्ये फ्रेंच व्यापाऱ्यांनी वसवलेलं, पुढे आगबोटींच्या धंद्यावर फुगलेलं. १९३९ पासून स्मारकासाठी काठावरचे सुमारे चाळीस ब्लॉक, वखारी आणि दुकानांसकट, पाडून टाकले. मग युद्ध आलं, पैसा अडला, आणि त्या मोकळ्या जागेवर जवळजवळ वीस वर्षं गाड्या उभ्या राहायच्या. स्मारक म्हणून उभारलेली ६३० फुटांची कमान १९६५ मध्ये पूर्ण झाली. मला ती मनापासून आवडते. पण शहर १९५० मध्ये साडेआठ लाखांचं होतं आणि २०२० च्या जनगणनेत तीन लाखांवर आलं. काठ देखणा झाला म्हणून कुणी थांबलं नाही. १८७६ मध्ये शहरानं भोवतालच्या काउंटीपासून, म्हणजे जिल्ह्यापासून, फारकत घेतली, ती हद्द तेव्हापासून हललेली नाही. लोक हायवे धरून तिच्या बाहेर गेले, आधी गोरे, मग ज्यांना परवडलं ते सगळे.

यावर कुणी ‘मेलेलं शहर’ म्हणू नये. इथलं प्राणिसंग्रहालय आणि कलासंग्रहालय फुकट आहेत, कारण आम्ही त्यासाठी घरपट्टीतून कर देतो. पुण्यातल्या किती मुलांना असं फुकट हत्ती बघायला मिळतं?

पण नदीच्या बाबतीत हे शहर कित्ता गिरवण्याजोगं नाही. आमच्याकडे मिसिसिपीखेरीज आणखी एक नदी आहे, रिव्हर दे पेर. तिचा फोटो कुणी टाकत नाही. एकोणिसाव्या शतकात शहरानं तिच्यात मैला सोडला. १९०४ चं जागतिक प्रदर्शन फॉरेस्ट पार्कमध्ये भरलं तेव्हा पाहुण्यांना ती दिसू नये म्हणून तिला लाकडी पाटात घालून झाकली. १९१५ च्या ऑगस्टमध्ये ती फुगली, माणसं गेली. मग १९२३ मध्ये लोकांनी मतदान करून कर्जरोखे मंजूर केले आणि बागेखाली प्रचंड बोगदे बांधून नदीला कायमची गाडली. पुढे उघड्यावर येते ती दगडी चरातून. त्या काळातलं ते अचाट काम होतं, इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संस्थेनं त्याला ऐतिहासिक वारशाचा मान दिला आहे.

२६ जुलै २०२२ ला इथे एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस झाला. १९१५ चा विक्रम मोडला. (ही तारीख मुंबईकरांना वेगळी सांगायला नको.) मी राहते त्या युनिव्हर्सिटी सिटी या शहराला लागून असलेल्या उपनगरात रिव्हर दे पेरचंच पाणी घरांत शिरलं. सांडपाण्याची आणि पावसाची गटारं एकच असल्यानं तळघरांत वर आलं ते नुसतं पाणी नव्हतं. १९७० पर्यंत शहराचा मैला प्रक्रिया न करता मिसिसिपीत जात होता. २००७ मध्ये केंद्र सरकारनं गटार मंडळावर खटला भरला. २०१२ मध्ये समझोता झाला, २३ वर्षांत ४.७ अब्ज डॉलर खर्चून गटारव्यवस्था सुधारायची. तो खर्च आमच्या बिलांतून जातो. कमानीच्या फोटोत यातलं काहीही दिसत नाही.

पुण्याला हे नवं आहे का? आंबिल ओढा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत माणसं आणि गाड्या घेऊन गेला. त्याची वाट तर पेशवाईतच वळवलेली, आणि नंतर आपण ती आणखी आवळली. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाला बांध घालून फिरायच्या वाटा करायच्या, आणि पात्रात येणारा मैला पूर्ण थांबायचा बाकी असताना करायच्या, हा क्रम मला पटत नाही. आधी गटार, मग बाक. या प्रकल्पाचं भूमिपूजन २०२२ च्या मार्चमध्ये झालं, त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढे काही वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. इथे गटार मंडळाला रोखे काढायचे असले तर आमच्याकडे मतं मागावी लागतात. चुकीच्या कामालाही १९२३ मध्ये मतं मागितली होती, हे कबूल. पण विचारलं होतं.

ग्रुपवर एवढं लिहिल्यावर उत्तर आलं: ‘तू तिकडे सुखात आहेस, इथल्या कामात कशाला खोडा घालतेस?’ हे मला लागतं. नागरिकत्व बदललं, पुण्यातलं मत गेलं. नारायण पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला, नव्या इमारतीत आमचं कुणी नाही. पाणी सोडलं की लकडी पुलावर बघायला जायचो, ते आता दुसऱ्यांचं. तरी जुलै आला की मी मिसिसिपीची पातळी नाही, खडकवासला धरणाचा विसर्ग बघते. सकाळी उठल्यावर पहिलं तेच, किती क्युसेक. इथे वीस वर्षांचं गहाणखत फेडत आले, शेजारी माझं नाव नीट उच्चारतात, मी इथल्या जनसुनावणीला जाऊन बोलते. त्या खोलीत मला कुणी ‘तू बाहेरची’ म्हटलेलं नाही. म्हणतात ते माझ्याच घरचे, आणि मला त्यांनाच पटवायचं असतं.

माझी मामी पुण्यात मुठेकाठच्या एकता नगरीत राहते. २०२४ च्या जुलैमध्ये पहाटे पाणी पार्किंगमधून जिन्यापर्यंत चढलं, तेव्हा तिला बोटीतून काढलं. तिनं फोनवर विचारलं, तुमच्याकडे नदी किती चढणार ते आधी सांगतात का गं? सांगतात. मोठ्या नदीचं तरी दिवसागणिक सांगतात. १९९३ मध्ये मिसिसिपी ४९.५८ फुटांवर गेली, पूरभिंत ५२ फुटांची होती, आणि ते आकडे शहरात सगळ्यांना ठाऊक होते. मामीची सोसायटी निळ्या पूररेषेच्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत आहे की बाहेर, आणि काठ बांधून झाल्यावर ती रेषा कुठे जाणार, हे तिला अजून कुणी सरळ सांगितलेलं नाही. माझं तिथे मत नसलं तरी हे मी विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणार आहे.