काकांचे १,६७१ रुपये

श्रीरामपूरच्या आमच्या घरात तीन पेन्शनी एकत्र नांदतात. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक, २०१० साली निवृत्त झाले. त्यांना जुनी पेन्शन आहे, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता. चुलतभाऊही शिक्षकच, पण लागला २००८ साली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला म्हणून त्याच्या पगारातून दरमहा अंशदान कापलं जातं, ते बाजारात गुंतवलं जातं, आणि शेवटी हाती काय येईल हे बाजार सांगणार. मार्च २०२३ च्या संपात तो ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेली टोपी घालून बसला होता. त्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर जे रणकंदन झालं, ते मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, ट्राममध्ये उभ्याने वाचत होते. पुण्यातला आयटीवाला आतेभाऊ विचारत होता, आमच्या टॅक्सवर तुमची म्हातारपणं का पोसायची? चुलतभावाचं उत्तर तयार होतं: आमदारांना एका टर्मवर पेन्शन मिळते, ती कोणाच्या टॅक्सवर?

काकाही त्या ग्रुपवर आहेत. ते काही बोलले नाहीत.

तिसरी पेन्शन त्यांची. साखर कारखान्यात ते १९९५ ला कायम झाले आणि २०१३ ला अठ्ठावन्न पूर्ण करून घरी आले. खासगी आणि सहकारी नोकरदारांसाठी १९९५ पासून ईपीएस नावाची पेन्शन योजना आहे, त्यातून त्यांना महिन्याला १,६७१ रुपये मिळतात. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. पेन्शनसाठी धरायच्या पगाराला तेव्हा ६,५०० रुपयांची मर्यादा होती. त्याला अठरा वर्षांनी गुणा आणि सत्तरने भागा. मर्यादा २०१४ साली १५,००० झाली, पण तोवर काका घरी आलेले होते. या पेन्शनीला महागाई भत्ता नसतो, त्यामुळे २०१३ चे १,६७१ रुपये आजही १,६७१ च आहेत. किमान पेन्शन १,००० रुपये आहे आणि काकांना तिच्याहून जास्त मिळते, म्हणजे सरकारी कागदावर ते सुस्थितीतच. ही किमान रक्कम ७,५०० व्हावी म्हणून ईपीएसचे पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलन करताहेत. बुलढाण्यात त्यांचं साखळी उपोषण किती काळ चाललं! आमच्या ग्रुपवर त्याचा एक फोटोसुद्धा कधी आला नाही.

मग काकांचं चालतं कशावर? मुलावर. बीपीच्या गोळ्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन, गावाकडची लग्नकार्यं, सगळं चुलतभाऊ बघतो, आणि कुरकुर न करता बघतो. म्हणजे त्या मार्चमध्ये काकांची खरी पेन्शनच संपावर बसली होती. जुनी पेन्शन तिजोरीला परवडेल का, युनिफाइड पेन्शन चांगली की जुनी, एसआयपीत किती टाकले म्हणजे साठीला किती कोटी जमतील, या आपल्याकडच्या सगळ्या वादांत मला हेच खटकतं. देशातली सगळ्यात मोठी पेन्शन योजना म्हणजे पोटची मुलं, आणि तिचा हिशोब कुठल्याच कागदावर नसतो. आमच्या घरात तर आम्ही दोघी बहिणी. “मुलगा नाही, म्हातारपणी कसं होणार यांचं?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला बाबांच्या नोकरीबद्दलचंच विधान वाटायचं. एका अर्थी होतंही. बाबांना पेन्शन नसती तर मी आज इथे नसते.

इथे येऊन पंधरा वर्षं झाली. पाच वर्षांची वर्गणी भरून झाली आणि जर्मन पेन्शन विम्याचं पहिलं पत्र घरी आलं. सत्ताविशी ओलांडलेल्या प्रत्येक वर्गणीदाराला ते दरवर्षी येतं. त्यात तीन आकडे असतात: आज अपंगत्व आलं तर किती मिळेल, आजवर कमावलेली पेन्शन किती, आणि गेल्या पाच वर्षांसारखंच कमावत राहिलात तर सदुसष्टाव्या वर्षी किती. खाली एक रुक्ष परिच्छेद असतो, की महागाईमुळे या रकमेची किंमत तेव्हा आजच्याइतकी राहणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते अशुभच वाटलं. तिशीतल्या बाईला कोणी असं लिहितं का?

पद्धत मात्र पोरालाही समजेल अशी आहे. पगाराच्या १८.६ टक्के वर्गणी, निम्मी माझी, निम्मी मालकाची. वर्षभर देशाच्या सरासरीइतकं कमावलं की एक गुण. १ जुलै २०२५ ला एका गुणाची किंमत महिन्याला ४०.७९ युरो झाली. त्या भावाने तीस गुण जमले तर १,२२३ युरो आणि काही सेंट, त्यातून पुन्हा आरोग्य विमा कापला जातो. श्टुटगार्टमध्ये यातलं बरंचसं घरभाड्यातच संपतं. तेव्हा ‘तिकडे काय, सरकारच बघतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री आमच्या स्टेशनवर यावं. सत्तरी पार केलेले, नीटनेटक्या कोटातले एक गृहस्थ छोटी बॅटरी घेऊन कचऱ्याच्या डब्यांत रिकाम्या बाटल्या शोधत असतात. दुकानात परत केली की एका बाटलीचे पंचवीस सेंट मिळतात, चाळीस बाटल्यांचे दहा युरो. त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून लोक बाटली डब्याशेजारी उभी ठेवून जातात. मीही ठेवते. हे सौजन्य आहे की लाज, ते मला ठरवता आलेलं नाही.

आणि भांडणं इथेही आहेतच. साठच्या दशकात एका पेन्शनरामागे सहा वर्गणीदार होते, आता दोनाच्या आसपास आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये पेन्शनची पातळी, म्हणजे सरासरी पगाराच्या तुलनेत पेन्शन, २०३१ पर्यंत ४८ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही असा कायदा झाला, तेव्हा सत्ताधारी पक्षातलेच तरुण खासदार बिथरले होते, की हे बिल आमच्या पिढीने का फेडायचं. वाचताना आतेभावाची आठवण आली.

तरीही या देशातल्या दोन गोष्टी मला उचलून श्रीरामपूरला न्याव्याशा वाटतात. पहिली, मुलाला वाढवण्याचेही गुण मिळतात. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं, म्हणजे आईने एक पैसा कमावला नाही तरी साधारण तीन गुण, २०२५ च्या भावाने महिन्याला १२२ युरो, हयातभर. रक्कम मोठी नाही. पण माझ्या लेकीच्या पहिल्या तीन वर्षांची नोंद त्या पत्रात पाहिली आणि मला आई आठवली. आम्हा दोघींना वाढवलं, आजीचं आजारपण काढलं, बाबांच्या शाळेच्या सहलींचे डबे केले. एकेचाळीस वर्षांची सेवा, पण सेवापुस्तक नाही.

दुसरी गोष्ट थोडी कठोर आहे. आपल्याकडे २००७ चा कायदा सांगतो की मुलांनी, मुलींनीसुद्धा, आईवडिलांना सांभाळलं पाहिजे. नाही सांभाळलं तर आईवडील प्राधिकरणाकडे दाद मागू शकतात आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवू शकतात. पण स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज कोण करतं? काका करतील? त्यापेक्षा ते गोळ्या अर्ध्या करून घेतील. जर्मनीने उलटी वाट धरली. १ जानेवारी २०२० पासून आईवडिलांच्या शुश्रूषेचा खर्च शासन मुलाकडून तेव्हाच वसूल करतं, जेव्हा त्याचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंच्या वर असतं. म्हणजे बहुतेकांकडून नाहीच. हे ऐकून आई म्हणाली होती, “मग पोरांनी यायचं तरी कशाला?” प्रश्न बरोबर आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात. त्यांची मुलं वर्षातून दोनदा येतात. पण येतात तेव्हा कुणी कुणाकडे बिलाच्या नजरेने बघत नाही, हेही मी पाहिलंय.

या आजींनी सत्तराव्या वर्षी पाच खोल्यांचं घर स्वतः विकलं आणि लिफ्ट असलेल्या दोन खोल्यांत आल्या. हातपाय चालत असतानाच ओझं उचलायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कपाटात एक हिरवी फाइल आहे. मी आजारी पडले तर सही कोणी करायची, शुद्धीत नसेन तर कुठले उपचार नकोत, कुठलं बँक खातं, कुठला विमा, कोणाला फोन. उपचारांच्या त्या कागदाला जर्मनमध्ये ‘पात्सिएंटेनफरफ्यूगुंग’ म्हणतात, शब्द उच्चारेपर्यंतच माणूस जायचा. गेल्या वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती फाइल मीच दवाखान्यात नेली. कुणीही कुणाला काही विचारायला थांबलं नाही. आपल्याकडेही उपचारांचं असं इच्छापत्र चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. पण आमच्या घरी मृत्युपत्र हा शब्द काढला तरी आई हात जोडून देवघराकडे बघते.

आम्ही परत जाणार का, हा इथल्या प्रत्येक मराठी जेवणावळीतला शेवटचा विषय असतो. पैशांची बाजू सोपी झालीय. भारत आणि जर्मनीत २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तेव्हा माझे गुण मला श्रीरामपूरलाही मिळतील. इथला आरोग्य विमा मात्र सोबत येत नाही, आणि सदुसष्टाव्या वर्षी तिकडे नवा विमा घेणं म्हणजे काय ते बाबांना विचारा. खरी अडचण याहून वेगळी आहे. मी परतेन तेव्हा ज्यांच्यासाठी परतायचं ते नसतील, आणि माझी लेक इथे असेल. बाबांनी मला जसं जाऊ दिलं तसंच मला तिला राहू द्यावं लागेल. त्यासाठी माझी फाइल आत्तापासून हिरवी असायला हवी. अजून ती अर्धीच झालीय. इच्छापत्रावर सही करायची राहिलीय, आणि ते काम मी दोन वर्षं पुढे ढकलतेय.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मनाचा हिय्या करून बाबांना म्हटलं, एकदा सगळं लिहून काढू या. त्यांना राग आला. “आम्ही गेल्यावर बघा काय ते. तुला काय कमी आहे तिकडे?” म्हटलं, बाबा, मला घ्यायचं नाहीये, माहीत करून घ्यायचंय. ते गोदरेजच्या कपाटाकडे गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतल्या एफडीच्या पावत्या माझ्यासमोर टाकल्या. दोनांची मुदत कधीच संपलेली होती. मी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर लिहायला लागले.

आई दारात उभी होती, हाताला बेसन लागलेलं. म्हणाली, “अहो, तुमच्या मागे मला किती येईल हो?”

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, आणि हे तिने पहिल्यांदा विचारलं. किंवा विचारायला जागा पहिल्यांदा मिळाली. बाबा गप्प झाले. मग शिक्षकच ते, त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं, शेवटचा मूळ पगार लिहिला, फॅमिली पेन्शनचे तीस टक्के काढले, त्यावर महागाई भत्ता चढवला आणि बेरजेखाली दोन रेघा मारल्या.

आईने चष्म्याशिवाय, कॅलेंडर लांब धरून आकडा वाचला.

“एवढे?” ती म्हणाली. “मग मी एकटी राहू शकते की इथे.”

बाबांनी कॅलेंडर घेतलं आणि पुन्हा खिळ्याला लावलं, लिहिलेली बाजू वर करून.