उंचीआधी बॉक्स-आउट

आमच्या बेळगावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या यशस्वी मोसमाचं सगळं श्रेय एका लेखात उंच पोरांना दिलंय, ते अर्धंच खरं. रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, उंचीआधी बॉक्स-आउट लागतो, म्हणजे समोरच्याला पाठीनं अडवून जागा धरणं. शॉट सुटला की बॉलकडे बघत राहायचं नाही. आधी आपला माणूस शोधायचा, त्याच्याकडे पाठ करून त्याला मागं अडवायचं, गुडघे वाकवायचे आणि मगच उडी. पोरं नेमकी बॉलच बघत बसतात.

दुसरं फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल रेषेवरून बिनअडथळा मिळणारा शॉट. एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या भागात) संघाचे ४ फाउल झाले की बचावातल्या पुढच्या प्रत्येक साध्या फाउललाही समोरच्याला २ फ्री थ्रो. रेषा रिंगमागच्या बोर्डापासून ४.६ मीटर, म्हणजे लांब नाहीच. पण ताज्या दमानं मारलेले १०० थ्रो फसवे. कोर्टाच्या दोन फेऱ्या जोरात पळून, धाप लागलेली असतानाच दोन-दोन मारायचे. दमल्यावर पाय जोर देत नाहीत, बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो.

आणि बेळगावचा पाऊस! उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं, घोटे मुरगळतात. कोर्ट खराट्यानं घासून वाळल्याशिवाय पोरांना पळवू नका, तोवर व्हरांड्यात ड्रिबलिंग. सिमेंटवर बॉल रबरीच घ्या, चामड्याचा लगेच सोलतो.