जॅमरला कुंपण घालता येतं का?

वाद पेटला तो मास्तरांच्या एका वाक्यावरून. "परीक्षा केंद्र, वाचनालय, दवाखाना, सगळीकडे जॅमर बसवून टाका. डबी चालू केली की खोलीपुरती रेंज गेली. यात कुणाचं काय बिघडतं?"

कट्ट्यावर चौघे होते. मास्तर, मोबाइल टॉवरची कामं करणारा रेडिओवाला, वकील आणि सुरक्षेच्या कामातला फौजी. पुढचे दोन तास "खोलीपुरती" या एकाच शब्दावर गेले.

रेडिओवाल्याने आधी एक समजूत खोडून काढली. जॅमर रेंज कापतो, असं लोक म्हणतात. तो काहीही कापत नाही. टॉवरची लहर येत होती तशीच येत राहते, जॅमर फक्त तिच्याहून मोठ्याने ओरडतो. टॉवर तिकडे वीस-चाळीस वॉटने बोलत असतो, पण फोनपर्यंत पोचेतो त्यातलं फारच थोडं उरतं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण. उणे ७५ डीबीएम हा तसा बरा सिग्नल, तरी तो म्हणजे एका नॅनोवॉटचा तिसावा हिस्सा. एवढी कुजबुज ऐकणाऱ्या कानाशी कुणी एक वॉटची शिट्टी वाजवली, तर त्याला दुसरं काय ऐकू येणार?

"मग ओरडायचं कुठे? फोनच्या कानाशी की टॉवरच्या?" वकिलाने विचारलं.

फोनच्या, रेडिओवाला म्हणाला. ९०० मेगाहर्ट्‌झच्या जुन्या बँडचं, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचं बघा. फोन टॉवरशी बोलतो ८९० ते ९१५ वर आणि टॉवरचं ऐकतो ९३५ ते ९६० वर. १८०० च्या बँडमध्ये बोलणं १७१० ते १७८५ वर, ऐकणं १८०५ ते १८८० वर. जॅमर गोंगाट करतो तो या ऐकण्याच्या पट्ट्यात, कारण फोन जवळ असतो आणि थोडक्या शक्तीत काम भागतं. टॉवरचा कान बंद केला तर त्या टॉवरवरचे सगळेच ग्राहक तुटतील, मग ते कितीही लांब असोत. फोनला टॉवर ऐकूच आला नाही की तो बोलायलाही जात नाही. "नो सर्व्हिस" दाखवतो आणि नेटवर्क शोधत बसतो. सारखी शोधाशोध चालल्याने बॅटरीही लवकर उतरते. कधी कधी पडद्यावर दांड्या पुऱ्या दिसतात आणि कॉल मात्र लागत नाही. दांडी दाखवते सिग्नल किती जोरात आहे ते. गोंगाटातून तो कळतोय का, हे ती दाखवत नाही.

डबीच्या आतलं काम त्याने थोडक्यात सांगितलं. व्होल्टेज बदललं की फ्रिक्वेन्सी बदलते, असा एक ऑसिलेटर असतो. त्याला करवतीच्या दात्यांसारखं चढत-पडत जाणारं व्होल्टेज देतात. त्यामुळे तो पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा झाडू मारत राहतो. पुढे अँप्लिफायर आणि त्यापुढे अँटेना. प्रत्येक बँडला ही साखळी वेगळी लागते, म्हणून जॅमरवर सहा-आठ-दहा अँटेना उभ्या दिसतात. यातला अँप्लिफायर भरपूर तापतो. पंखा बंद पडला की आधी शक्ती घसरते, आणि ऑसिलेटर तापला की त्याची फ्रिक्वेन्सीही सरकते. ९३५ पासून सुरू होणारा झाडू ९२५ पासून फिरायला लागतो, आणि बाहेरून डबीवर दिवा मात्र हिरवाच असतो.

मास्तर अडून बसले. "तपशील ठीक आहे. पण डबीवर वीस मीटर लिहिलेलं असतं. माझा हॉल वीस मीटरचा आहे."

इथे रेडिओवाल्याने कागद मागून घेतला. जॅमर एक वॉटचा, म्हणजे ३० डीबीएम. तो २५ मेगाहर्ट्‌झवर पसरलाय. २जी फोन एका वेळी २०० किलोहर्ट्‌झ ऐकतो, म्हणजे त्याच्या वाट्याला गोंगाटाचा १२५ वा भाग येतो. डीबीच्या मापात भागाकाराची वजाबाकी होते, म्हणून २१ डीबी गेले, उरले ९. मोकळ्या जागेत दहा मीटरवर आणखी साधारण ५१ डीबी जातात, म्हणजे फोनपाशी गोंगाट उणे ४२. अंतर दुप्पट झालं की आणखी ६ डीबी कमी. २जी फोनला टॉवरचा सिग्नल गोंगाटापेक्षा निदान ९ डीबी वर लागतो.

आता टॉवर हॉलच्या समोरच आहे असं धरा, सिग्नल उणे ४५. गोंगाट उणे ५४ च्या खाली गेला की फोन परत चालू. हिशेब सुटतो चाळीस मीटरच्या आसपास. तीच डबी, तीच शक्ती, पण टॉवर लांब आहे आणि सिग्नल उणे ७५. आता गोंगाट उणे ८४ पर्यंत उतरायला हवा. मोकळ्या मैदानाचा हिशेब धरला तर अंतर निघतं सव्वा किलोमीटरच्या घरात. भिंती, झाडं, जमीन यांनी ते पुष्कळ खाली येईल. तरी दोन हिशेबांतला फरक तीस पटींहून जास्त आहे, आणि डबीला कुणी हातही लावलेला नाही.

"म्हणजे जॅमरची हद्द टॉवर ठरवतो," फौजी म्हणाला.

अगदी. वीस मीटर हा आकडा डबीचा गुण नसून त्या जागेचा आहे, आणि जागा न बघता कारखान्यात तो छापता येत नाही. शिवाय एकाच हॉलभोवती चार कंपन्यांचे चार टॉवर चार वेगळ्या अंतरांवर असतात. एका कंपनीचा फोन दारातच जिवंत होतो, तर दुसरीचा रस्त्यापलीकडच्या घरातही मेलेला असतो. पिढीप्रमाणेही फरक पडतो. ३जीमध्ये साधा आवाज इतका पसरून पाठवतात, की ऐकताना तो परत गोळा केला की २५ डीबीचा फायदा मिळतो. त्यामुळे २जी झोपवणारी डबी ३जीच्या बोलण्यापुढे कमी पडू शकते.

मास्तर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "शेजाऱ्याची रेंज थोडा वेळ गेली, एवढंच ना?"

यावर रेडिओवाला मनापासून चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. जगभर विकायला काढलेल्या डब्या सगळ्या देशांचे पट्टे एकदम झाडतात. एका भागात ८६९ ते ८९४ हा फोनचा ऐकण्याचा पट्टा. पण जिथे ९०० चा विस्तारित बँड चालतो, तिथे ८८० ते ९१५ हा फोनचा बोलण्याचा, म्हणजे टॉवरचा ऐकण्याचा पट्टा. दोन्ही एकमेकांवर चढलेले. तसंच १९३० ते १९९० काही देशांत ऐकण्याचा, तर २१०० च्या बँडमध्ये १९२० ते १९८० बोलण्याचा. अशी डबी चुकीच्या देशात लावली की ती खोलीतल्या फोनऐवजी थेट टॉवरच्या कानात ओरडते. टॉवर उंचावर, वाटेत आडोसा नाही, आणि तो ऐकायला बसलाय खिशातल्या फोनची क्षीण हाक. अख्ख्या सेक्टरचे, म्हणजे टॉवरच्या त्या बाजूच्या सगळ्या भागाचे, कॉल तुटतात. त्यात कुणाचा तरी अँब्युलन्ससाठीचा कॉल असतो. शिवाय २३०० आणि ३५०० सारख्या बँडमध्ये बोलणं-ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटून पालटून चालतं, त्यामुळे "फक्त फोनचा कान" असा वेगळा पट्टाच तिथे उरत नाही.

वकिलाला हीच वाट हवी होती. फ्रान्समध्ये मेसांज नावाच्या गावी एका बापाने मुलांनी रात्री इंटरनेटवर बसू नये म्हणून जॅमर लावला होता. मध्यरात्रीपासून पहाटे तीनपर्यंत गावाची रेंज जायची. कंपनीने तक्रार केली, फ्रिक्वेन्सी खात्याचा माणूस रात्री यंत्र घेऊन फिरला आणि त्या घरापाशी पोचला. तिथे या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि तीस हजार युरोंपर्यंत दंड आहे. अमेरिकेत फ्लोरिडात एकजण गाडीत जॅमर ठेवून रोज हायवेने जायचा, इतरांनी गाडी चालवताना फोनवर बोलू नये म्हणून. २०१३ मध्ये कंपनीच्या टॉवरवर ठरावीक वेळी गोंधळ दिसू लागला, त्यावरून तो सापडला. पोलिस त्याच्या गाडीजवळ गेले तेव्हा त्यांच्याच वायरलेसचा नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला. दंडाची नोटीस ४८ हजार डॉलरची होती. हेतू दोघांचाही चांगलाच होता, आणि मास्तरांच्या मुद्द्याला खरं उत्तर तिथेच आहे, असं मला वाटतं.

अमेरिकेचा १९३४ चा दळणवळण कायदा खाजगी माणसाला जॅमर वापरू देत नाही, विकूही देत नाही. २०१४ मध्ये एका चिनी विक्रेत्या कंपनीला तिथे ३ कोटी ४९ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित झाला. भारतातही दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे आणि खाजगी लोकांना तो विकतही घेता येत नाही.

"मग सरकारं स्वतः का वापरतात?" मास्तरांचा प्रश्न सरळ होता.

फौजीने उत्तर दिलं. ताफ्याबरोबरची जॅमरची गाडी दूरवरून उडवायच्या स्फोटकांसाठी असते. तिथे थोड्या वेळापुरती लोकांची रेंज गेली तर चालते, कारण दुसऱ्या पारड्यात जीव असतो. तुरुंगाचं गणित वेगळं. आतून फोनवर साक्षीदाराला धमकी जाते, खंडणी मागितली जाते. ब्रिटनने तर २०१२ मध्ये खास तुरुंगांसाठी वेगळा कायदा केला. पण तुरुंगात एक मोठी डबी मधोमध ठेवणं हा अडाणीपणा आहे. कमी शक्तीच्या पुष्कळ अँटेना बराकीत आतल्या बाजूला तोंड करून लावायच्या, किंवा ठरावीक अंतरावर फटी ठेवलेली केबल फिरवायची. मग गोंगाट भिंतीच्या आत राहतो, बाहेर जातो तो थोडाच.

"आणि दर दोन वर्षांनी तो निकामी होतो," रेडिओवाल्याने भर घातली. २जी-३जीसाठी बसवलेले जॅमर ४जी आल्यावर नुसते शोभेला उरले. कंपनीने ७०० चा बँड चालू केला, शेजारच्या टॉवरची शक्ती वाढवली किंवा अँटेना थोडी खाली झुकवली, की आतला हिशेब पुन्हा चुकतो. जॅमर बसवून विसरायची वस्तू नाही, दर महिन्याला फिरून मोजायची आहे.

फौजीची खरी पसंती मात्र दुसऱ्या उपायाला होती. तुरुंगात स्वतःचा छोटा टॉवर लावायचा. आतले फोन त्याच्याशीच जोडले जातात. मंजूर यादीतले फोन आणि आणीबाणीचे कॉल पुढे जातात, बाकीचे तिथेच अडतात. अमेरिकेत मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात २०१० मध्ये हे सुरू झालं. यात आत किती फोन आहेत तेही कळतं. जॅमर हे कधीच सांगत नाही, तो सगळ्यांना सारखाच बहिरा करतो. रेडिओवाल्याचा आक्षेप एवढाच, की यालाही प्रत्येक कंपनीची संमती लागते आणि हद्दीचं दुखणं इथेही आहेच. शक्ती जास्त झाली की रस्त्यावरचा माणूस तुरुंगाच्या टॉवरवर जाऊन अडकतो.

मास्तरांनी मग विचारलं, नुसत्या जाळीने खोली बंद केली तर? हा प्रश्न सगळ्यांना आवडला, कारण यात कुणावर ओरडणं नाही. ९०० ची लहर ३३ सेंटिमीटर लांब असते, ३५०० ची साडेआठ. जाळीचं भोक लहरीच्या विसाव्या भागाइतकं धरलं तर ३५०० साठी चार मिलिमीटर. पण घात करते ती फट. दाराच्या चौकटीला केसाएवढी रुंद फट असेल आणि ती साडेचार सेंटिमीटर लांब असेल, तर ३५०० ला तिथे जवळजवळ उघडं दारच मिळालं. फटीची लांबी बघायची, रुंदी नाही. म्हणून दाराला चहूबाजूंनी धातूच्या लवचिक पट्ट्या लागतात, काचेला वाहक थर लागतो, आणि आत येणाऱ्या प्रत्येक वायरला फिल्टर. एक साधी वायर तशीच आत घेतली तर तीच अँटेना होते. एका हॉलला हे करणं जड आहे. आणि आणीबाणीचा कॉल यातही अडतोच.

शेवटी गाडी परीक्षेवर आली. फौजी म्हणाला, जॅमर चालू असला तरी फोनमध्ये साठवलेली पानं उघडतातच. मोबाइलचे बँड बंद केले आणि इमारतीचं वायफाय चालू राहिलं, तर इंटरनेटवरून कॉल होतो. कानातलं ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, मोबाइलच्या पट्ट्यांचा जॅमर त्याला शिवतही नाही. आणि पेपर केंद्रावर येण्याआधीच फुटला असेल, तर हॉलमधल्या डबीला करायला काही उरत नाही. आधी झडती घ्या, फोन दारात ठेवून घ्या, वायफाय बंद करा.

मास्तर तरी पूर्ण मागे हटले नाहीत. परवानगी काढून, तीन तासांपुरता लावला तर?

तर आदल्या दिवशी मोजणी करा, रेडिओवाला म्हणाला. हॉलमध्ये आणि कुंपणाबाहेर, प्रत्येक कंपनी, प्रत्येक बँड. कंपन्यांना वेळ कळवा. जॅमर सर्वांत कमी शक्तीवर सुरू करा आणि एक माणूस बाहेर फिरून सगळ्या कंपन्यांच्या फोनवरून कॉल लावत राहू दे. शेवटची घंटा झाली की स्वतः जाऊन तो बंद करा.

"आणि बाहेरची रेंज गेली तर?"

"तर शक्ती कमी करायची. मग हॉलच्या एखाद्या कोपऱ्यात फोन चालेल, हे धरून चालायचं आणि त्या कोपऱ्यात एक पर्यवेक्षक उभा करायचा."