‘100 दिवस, 100 जलरंग’ या सल्ल्यात खोट कुठे आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक सल्ला फिरतो: जलरंगात हात बसवायचा तर 100 दिवस रोज एक चित्र पूर्ण करा, एकही खाडा नको, सध्या साधाच कागद वापरा, आणि चुकलं तर सोडून द्या, कारण जलरंगात दुरुस्ती नसते. नियमित बसा, एवढंच यातलं मला मान्य. बाकीचं नवशिक्याला गोत्यात आणणारं आहे.

आधी कागद, कारण खरं नुकसान तिथेच होतं. सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, देताना बोर्ड किंचित तिरका ठेवतात. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साचतं आणि ब्रशचा पुढचा फटकारा तेच पाणी खाली ओढत नेतो, म्हणून जोड दिसत नाही. ड्रॉइंगच्या वहीतला पातळ कागद हे पाणी टिकूच देत नाही. कुठे पिऊन टाकतो, कुठे फुगतो, पुन्हा ब्रश फिरवला की तंतू सुटतात. आकाशात पट्टे उमटतात आणि शिकणारा म्हणतो, आपला हातच वाईट! 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन कागद महाग आहे, खरंय. पण 22 बाय 30 इंचांच्या एका शीटचे 8 तुकडे होतात; दोन्ही बाजू वापरल्या तर 16 सराव. काटकसर ट्यूबच्या संख्येत करा. सहा-सात रंग पुष्कळ झाले.

आता ‘रोज पूर्ण चित्र’. चित्र त्याच दिवशी संपवायच्या घाईत पहिला वॉश अर्धवट ओला असताना दुसरा दिला की रंग गढूळ होतो, नाहीतर कोबीच्या पानासारख्या कडा उमटतात. जुलैत मुंबईत, कोकणात तर कागद वाळता वाळत नाही. शिवाय आकडा गाठायचा म्हटलं की माणूस जमणारंच काढतो: तोच सूर्यास्त, तीच माडांची रांग. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीपासून चेहऱ्यावर आणि साडीवर उतरत गेलेला तो उजेड घाईने उरकलेल्या कामात येत नाही. त्यापेक्षा एक दिवस नुसते वॉश द्या, एक दिवस एकाच रंगात एका पेरूचे तीन टोन, म्हणजे फिकट-गडद छटा. खाडा पडला तर पडला. उलट 100चा हिशेब मोडला म्हणून रंगांचा डबाच माळ्यावर टाकणारे कमी नाहीत.

आणि ‘दुरुस्ती नसते’? इंग्रज चित्रकार टर्नरने 1818 मध्ये इंग्लंडमधल्या फार्नली हॉल या वाड्यात युद्धनौकेचं जलरंगचित्र काढताना ओला कागद चक्क खरवडला होता. अल्ट्रामरीन हा निळा रंग चांगल्या कागदावरून ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो; थॅलो ब्लू हा दुसरा निळा मात्र रुतून बसतो. आपल्या कुठल्या ट्यूबचं काय, हे बघायला एक बैठक द्या: प्रत्येक रंगाचा पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या, मग अर्ध्या भागावर ओला ब्रश घासून टिश्यूने टिपा आणि शेजारी रंगाचं नाव लिहून ठेवा.