लॉन खरवडायचा मुहूर्त

‘थंडी सरली की पहिल्याच सुट्टीला लॉन माती दिसेपर्यंत खरवडा, आणि हे दर वर्षी करा. कापलेलं गवत पडून राहिलं की त्याचाच थॅच होतो, म्हणून पातं न् पातं गोळा करा. जमीन ओली असताना दंताळं हलकं चालतं. काम झालं की त्याच दिवशी दुप्पट युरिया टाका.’ हा सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. त्यामागची काळजी रास्त आहे, कारण थॅच, म्हणजे हिरवी पानं आणि माती यांच्यामध्ये साचणारा न कुजलेला थर, फार जाड झाला की लॉन खरंच बिघडतं. पण उपाय असा, की धडधाकट लॉनही आजारी पडावं.

आधी कापलेल्या गवताची बाजू घेतो, कारण त्या बिचाऱ्यावर उगाच आळ आला आहे. ताज्या पात्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. उरलेला भाग मऊ, तो काही आठवड्यांत कुजून मातीत जातो आणि नायट्रोजन परत देतो. थॅच होतो तो आडवी खोडं, गवताचे बुंधे आणि जुनी मुळं यांचा. त्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, जास्त, त्यामुळे ती सावकाश कुजतात. पानं आणि माती यांच्यामध्ये जी तपकिरी, स्पंजासारखी गादी लागते, ती हीच. एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापत असाल, तर कापलेलं खुशाल पडू द्या. गुडघाभर वाढवून एकदम कापलं आणि ओले ढीग पडले, तर मात्र उचला. तेही थॅच होईल म्हणून नव्हे, खालचं गवत गुदमरेल म्हणून.

‘दर वर्षी’ हा शब्द तर कुणी कुठून आणला कोण जाणे. खुरप्याने पाच-सहा सेंटिमीटर खोल पाचर कापून काढा आणि ती गादी पट्टीने मोजा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण एकाच लॉनमध्ये जाडी सारखी नसते. साधारण सव्वा सेंटिमीटरपर्यंत असेल तर हात लावू नका. तेवढा थर ओल धरतो, उन्हाचा तडाखा अडवतो, पावलांचा भार झेलतो. त्यापुढे गेला की मुळं मातीऐवजी त्यातच पसरतात, वाळलेला थर पाणी आत शिरू देत नाही आणि किडींना आसरा मिळतो. टॉल फेस्क्यू किंवा रायग्रासच्या लॉनमध्ये बहुधा ही वेळ येतच नाही. हरळी, झॉयशिया, केंटकी ब्लूग्रास यांच्यात येते.

आता मुहूर्ताचं. फिरत्या सल्ल्याची सगळ्यात मोठी चूक इथे आहे, आणि ती मीही एकदा केली. हरळी अर्धवट जागी झाली होती, वर तपकिरी दिसत होती, तेवढ्यात मी दंताळं फिरवलं. शेजारचं लॉन हिरवंगार झालं तरी माझं डागाळलेलंच होतं. थंडीत तपकिरी पडलेली हरळी मेलेली नसते, झोपलेली असते. जागी होताना साठवलेलं अन्न खर्चून ती कोवळे कोंब काढते. तेच ओरबाडले की पुन्हा साठ्यातूनच खर्च. म्हणून हरळी, झॉयशिया अशी उष्ण हवामानातली गवतं पूर्ण हिरवी होऊन, दोन-तीनदा कापणी होऊन, जोमात आली की मगच थॅच काढायचा, म्हणजे वसंताच्या शेवटी किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर. केंटकी ब्लूग्राससारख्या थंड हवामानातल्या गवतांचं गणित उलटं. त्यांना शरदाची सुरुवात मानवते, कारण उन्हाळा मागे पडलेला असतो आणि वाढीचे दिवस पुढे असतात. त्यांचं काम वसंतात केलं तर अगदीच चालत नाही असं नाही, पण मोकळ्या झालेल्या जागेत तणांचं बी रुजतं आणि सावरायच्या आत कडक ऊन येऊन ठाकतं. तण उगवू नये म्हणून औषध टाकलं असेल, तर खरवडण्याने त्याचा थर फाटतो, ते वेगळंच. गवत कुठलंही असो, कामानंतर महिना-दीड महिना चांगल्या वाढीचा हाताशी हवा.

झाडलोट ही वेगळी गोष्ट, ती थॅचमध्ये कालवू नका. गळलेली पानं, काटक्या हलक्या हाताने केव्हाही गोळा करता येतात. पानांचा ओला थर तर चिकटून बसायच्या आत काढलेलाच बरा.

‘माती दिसेपर्यंत’ हे कुणाला झेपेल? हरळीची मुळी चिवट म्हणतात ते खरं आहे. तिची खोडं जमिनीखालीही असतात, त्यामुळे वरचं बरंच गेलं तरी ती फुटते. सेंट ऑगस्टीन गवताचं तसं नाही. त्याची सगळी आडवी खोडं वरच. ती उपटली की फुटायला मागे काही उरत नाही. शिवाय थर खूप जाड असेल तर मुळं आणि बुंधे त्यातच असतात, म्हणजे एका दिवसात सगळा थर काढणं हे लॉनच काढण्यासारखं. दोन-तीन हंगामांत थोडा थोडा काढा. थॅच काढायचं यंत्र भाड्याने आणलंत तर त्याची पाती आधी उंच ठेवून एका कोपऱ्यात चालवून पाहा, आणि स्प्रिंकलरच्या तोंडांपाशी खुणा रोवा.

ओल्या जमिनीत दंताळं हलकं चालतं, कारण गवत मुळासकट उपटून येतं! माती किंचित दमट हवी, चिखल नको.

राहिला युरिया. थॅच साचतो तो वाढ कुजण्याच्या पुढे धावते म्हणून, आणि वाढीला असं पळवणारं पहिलं कारण म्हणजे जादा नायट्रोजन. त्यात माती आम्लयुक्त किंवा दडपलेली असेल, कीटकनाशकांनी गांडुळं मेलेली असतील, तर कुजवणारे हातच कमी पडतात. म्हणून खत बेताचंच द्या. थर हाताबाहेर गेला नसेल तर दंताळ्यापेक्षा पोकळ दात्यांचं यंत्र फिरवून मातीच्या गुठळ्या वर काढणं जास्त कामाचं. त्या गुठळ्या कुरूप दिसतात, पण गोळा करून फेकू नका. वाळल्या की दंताळ्याच्या पाठीने फोडून तिथेच पसरा. त्यांतली माती आणि सूक्ष्मजीव थॅचमध्ये मिसळले की तो जागच्या जागी कुजायला लागतो.