इथेनॉलच्या नावावर खपलेला क्रँक सेन्सर

गॅरेजात येणारं गिऱ्हाईक हल्ली गाडीची चावी नंतर देतं, आधी मोबाइल पुढे करतं. मेसेज सगळ्यांकडे तोच. थोडक्यात असा: चालती गाडी अचानक बंद पडत असेल तर शंभर टक्के इथेनॉलमुळे टाकीत पाणी झालंय, टाकी रिकामी करून बाटलीतलं औषध टाका. गाडी बंद पडली की लगेच चावी काढा आणि परत मारा. घरी आल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं सोडा, गाडीचा कॉम्प्युटर रिसेट होतो. आणि चेक इंजिनचा दिवा लागत नसेल तर सेन्सर ठीकच आहेत, स्कॅनर (कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंद वाचणारं यंत्र) लावणारे लुटतात.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो खपतो. २०२५ पासून पंपावर जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, खरं आहे. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं, तेही खरं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले असतीलच असं नाही. जुन्या टाकीतला मळ इथेनॉलने सुटून फिल्टर तुंबू शकतो. एवढं सगळं मान्य.

पण लिटरमागे काही मिलिलिटर पाणी इथेनॉल स्वतःत विरघळवून घेतं आणि ते पाणी इंजिनातून जळून निघून जातं. त्याहून जास्त पाणी झालं तर पाणी-इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो आणि टाकीतला पंप नेमका तळातून ओढतो. अशी गाडी पेट्रोल भरल्यावर थोड्याच अंतरात मिसिंग करते, झटके देते, बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली म्हणून ती सुधारत नाही. पाण्याला विश्रांतीचा गुण येत नसतो!

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींची गाडी खंबाटकी चढताना बंद पडायची. पाऊण तासाने एका सेल्फमध्ये सुरू. पुन्हा तापली की पुन्हा तेच. त्यांनी टाकी रिकामी केली, औषधाच्या दोन बाटल्या ओतल्या, मग माझ्याकडे आले. मी विचारलं, काढलेल्या पेट्रोलचं काय केलंत? म्हणाले, मुलाच्या स्कूटरमध्ये घातलं. स्कूटर कशी चालली? मस्त, म्हणाले, आणि मग स्वतःच गप्प झाले.

पेट्रोलवर पहिला संशय घ्यायची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे. घाटात फियाट तापली की पाइपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, मग बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि चहा प्यायचा. आता पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि साधारण तीन-चार बार दाबाने पेट्रोल ढकलतो. इतक्या दाबाखाली वाफ सहजी होत नाही. आज तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, असं असेल तर मी आधी क्रँक सेन्सर बघतो. इंजिन किती वेगाने आणि कुठल्या कोनात फिरतंय हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. त्याच्या आतली तार उष्णतेने पसरून तुटक झाली की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलेलंच असतं. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही.

हे ओळखायला स्कॅनरच्या आधी डोळे पुरतात. हाताच्या गिअरची गाडी गिअरमध्ये असताना दम गेला, तर क्लच दाबेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवतच असतात. त्या क्षणी आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर आला तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. काटा जागेवर आहे पण ओढ नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी. त्यातही आधी पिकअप गेला, चढाला झटके आले आणि मग बंद पडली तर पंप किंवा फिल्टर. कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण त्याला थंड ठेवायला पेट्रोलच नसतं. फक्त सिग्नलला एक्सलेटर सोडल्यावर बंद पडते? मग थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतली काजळी. आधी बॅटरीचा दिवा लागला, हेडलाइट मंद झाले? बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. गुरुजींना काट्याचं विचारलं तर म्हणाले, काटा पडतो, पण ते कशाला सांगायचं?

चावी काढण्याचा सल्ला मात्र चुकीच्या पुढचा आहे, तो जीव घेईल. चालत्या गाडीत चावी बाहेर ओढली की स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं पण वळतं, आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता जोर शिल्लक असतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. चारी इंडिकेटर, न्यूट्रल, डावीकडे. चावी आत राहू दे, सेल्फ कडेला थांबल्यावर मारा.

बॅटरीची वायर सोडली की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड पुसले जातात. सोबत त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, ही नोंदही जाते. चोरी झाल्यावर घर झाडून पुसून मग पोलिसांना बोलावण्यासारखं.

दिव्याचं म्हणाल तर तुटक बिघाड दिवा न लावताही कोड मागे ठेवू शकतो, आणि कधीकधी कोडही ठेवत नाही. म्हणून दिवा नाही म्हणजे सेन्सर ठीक, हे खोटं. पण लुटण्याच्या आरोपावर मी आमच्याच धंद्याकडे बोट दाखवीन. पी०३३५ कोड आला की क्रँक सेन्सर बदलून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा असतो, आणि सर्किटात वायर येते, ती जोडणारा कपलर येतो. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायर कुरतडतात. नवा सेन्सर टाकूनही तीच गाडी टोचन होऊन परत आलेली मी पाहिली आहे. गुरुजींच्या गाडीत वायर शाबूत होती. सेन्सरवर गरम हवा सोडली तशी बंद पडली, मग बदलला.

मेसेजमध्ये सीएनजीचा उल्लेखच नाही. गॅसवर बंद पडते आणि बटण दाबून पेट्रोलवर नीट चालते, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर बघा. दोन्हीवर बंद पडते तर दोन्हीत समान असलेलं काहीतरी: ठिणगी देणारी कॉइल, सेन्सर, वायरिंग. गॅसवर धावणारी गाडी बंद पडल्याचा दोष इथेनॉलला देणारे महाभागही भेटलेत.

गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, आणि ओला असेल तर गाडी टोचन करूनच आणा.